औदुंबराच्या मृत्यूचा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. पर्यावरण व शाश्वतता अधिकारी,
नभोहरित विमानतळ संचालन कंपनी,
नियोजित विमानतळ, उज्जैन (म.प्र.)

अर्जदार : सौ. सुलोचना भालचंद्र पारसनीस, वय ७४, निवृत्त शिक्षिका, रा. माधव नगर, उज्जैन.

विषय : प्रत्यारोपित वृक्ष क्र. ११७ (औदुंबर) मेला असल्याचा सही-शिक्क्याचा दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदार हिचे हिंदीतले पाच अर्ज व त्यांवर आलेली आपल्या कार्यालयाची पाच उत्तरे.

महोदय,

१. आपण या खुर्चीवर नवे आला असून वर्ध्याकडचे आहात, असे अर्जदार हिला गेटवर समजले. म्हणून हा सहावा अर्ज मराठीत. आधीचे पाच कुणी शेवटपर्यंत वाचले असतील यावर तिचा विश्वास नाही, कारण पाचव्यात तिने मुद्दाम मधोमध दाल-बाफल्यांची कृती लिहिली होती आणि तिलाही 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे' असे उत्तर आले. हा अर्ज आपण पुरता वाचावा.

२. अर्जदार व तिचे यजमान भालचंद्र ऊर्फ भय्यासाहेब (वय ७९, सिंचन खात्यातून निवृत्त लिपिक) यांचे हवाईपट्टीला लागून दोन खोल्यांचे घर होते. अंगणात औदुंबर. गेली एकेचाळीस वर्षे त्याला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय भय्यासाहेब अन्नाला शिवत नाहीत, मग घरात लग्न असो की ताप. पुढे धावपट्टी लांबवायला ती जागा गेली आणि दोघे माधव नगरच्या फ्लॅटमध्ये आले. जागा रीतसर गेली, त्याबद्दल रडगाणे नाही. मात्र आपल्या कंपनीने भर सभेत वचन दिले होते की या विमानतळासाठी एकही झाड मरणार नाही. त्याप्रमाणे औदुंबर यंत्राने उपटला, त्याच्या फांद्या छाटल्या आणि तो कुंपणाच्या आत आपल्या हरित पट्ट्यात नेऊन उभा केला. त्याला क्रमांक मिळाला, भय्यासाहेबांना 'वृक्षपालक' असा फोटोचा पास मिळाला, हारतुरे झाले. त्या दिवशी अर्जदार हिलाही बरे वाटले होते, खोटे कशाला बोला.

३. दिवाळीच्या सुमारास झाड मेले. अर्जदार हिने स्वतः नखाने साल खरवडून पाहिली, आत खडखडीत कोरडे. आपल्या कार्यालयाकडून मात्र दर तीन महिन्यांनी पालकाच्या नावे पत्र येते. पहिल्यात 'प्रकृती सुस्थितीत, नवी पालवी चार' होती, दुसऱ्यात ती सात झाली. तपासणीचे पथक यायच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांनी खोडाला हिरवा ऑइलपेंट फासला आणि वरून हिरवी जाळी बांधली, म्हणजे ड्रोनच्या फोटोत हिरवे दिसावे. हा काय प्रकार आहे, असे अर्जदार हिने गेटवरचे चौकीदार ओंकारजी यांना विचारले. ते बिचारे म्हणाले, "माताजी, रिपोर्ट में जिंदा है तो जिंदा है. मैं कौन होता हूँ."

४. तो रिपोर्ट अर्जदार हिने मागून घेऊन वाचला. तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे ठोकून दिलेले उत्तर चटकन ओळखू येते. एका पानावर पक्ष्यांच्या अधिवासाचे संरक्षण केले आहे. पुढच्याच पानावर धावपट्टीवरचे पक्षी हाकलायला फटाके फोडले आहेत. विमानांच्या आवाजात शंभर टक्के घट झाली आहे आणि धुरातही तेवढीच. अद्याप तिथे एकही विमान उतरलेले नाही, ही किरकोळ गोष्ट लिहायची राहून गेली असावी. प्रत्यारोपित झाडे एकूण तीनशे बारा, जगली तीनशे बारा. एवढे जगण्याचे प्रमाण माणसांतही नसते.

५. आता मुख्य मुद्दा. भय्यासाहेबांना साखरेचा विकार आहे आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पारसनिसांचे घराणे दरबारी लिखापढीचे, त्यांना समोरच्या वस्तूपेक्षा तिच्याबद्दलचा कागद जास्त खरा वाटतो. आपली पत्रे ते भिंग लावून वाचतात आणि फाइलला लावतात. झाड मेले म्हटले की फाइल पुढे करतात. हरित पट्ट्यात पालकांना प्रवेशाची वेळ आपण ठेवली आहे दुपारी साडेबारा ते दीड. म्हणजे ऐंशीला टेकलेला माणूस सकाळची गोळी घेऊन, पोटात चहाशिवाय काही नसताना, मे महिन्याच्या उन्हात ई-रिक्शाने जातो आणि रंगवलेल्या लाकडाला पाणी घालून मग घरी येऊन जेवतो. २१ मे रोजी ते गेटवरच घेरी येऊन पडले. ओंकारजींनी तोंडात गूळ घातला म्हणून आज अर्जदार हिच्या कपाळावर कुंकू आहे.

६. दिवाळीपासून केलेल्या पहिल्या चार अर्जांना आलेली उत्तरे अशी. वृक्ष सुप्तावस्थेत आहे. मृत्यूची नोंद करण्यासाठी नमुन्यात रकाना नाही. पालकाचे वाहनाने येणेजाणे विमानतळाच्या कार्बन उत्सर्जनात धरले जाते, तरी त्यांनी शक्यतो सायकलने यावे. आणि पालक थकले असल्यास पालक बदलून मिळेल, वृक्ष बदलता येणार नाही. हे शेवटचे वाचल्यावर अर्जदार हिने दिवसभर कुणाशी बोलणे टाळले, कारण जे तोंडात आले होते ते शिक्षिकेला शोभले नसते.

७. सबब, झाड मेले असे एका ओळीत लिहून, सही-शिक्का मारून द्यावे. भय्यासाहेब कागदाचे ऐकतील, उन्हात जायचे थांबतील आणि वेळेवर जेवतील. आपले तीनशे बाराचे तीनशे अकरा झाले तर आकाश कोसळणार नाही.

८. इथवरचा मजकूर सोमवारी लिहून झाला होता. मंगळवारी सकाळी तो भय्यासाहेबांच्या हाती लागला. भिंग घेऊन त्यांनी तो दोनदा वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले (शिक्षिकेचे) आणि म्हणाले, "सुलू, झाड मेलंय हे मला दिवाळीपासून माहीत आहे."

९. अर्जदार हिला खरेच वाटेना. तिने फाइल दाखवली. ते म्हणाले, "अगं, कालव्याच्या काठची झाडं मी पस्तीस वर्षं अशीच कागदावर जगवली. हे रिपोर्ट मला कळणार नाहीत का? उलट यांनी पालवी फार लवकर वाढवली, आम्ही जरा दमानं घ्यायचो." मग कशाला जाता मरायला, असे अर्जदार हिने रागाने विचारले, तिला रडूही येत होते. त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "गेटवर ओंकारजी 'आइए बाबूसाहब' म्हणतो. रजिस्टर पुढे करतो, वेळ टाकतो, सही घेतो. रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली. या फ्लॅटमध्ये माझी सही कुणाला लागते सांग." झाड मेले असे लिहून आले की वृक्षपालकाचा पास त्याच दिवशी रद्द होतो, हेही त्यांनीच सांगितले. नियम क्र. ९, तो त्यांनी पाठ केला आहे.

१०. साहेब, त्रेपन्न वर्षांचा संसार आहे आणि हे अर्जदार हिला अर्ज लिहिताना कळले. तिची तिलाच लाज वाटली. नंतर दोघांत तडजोड झाली ती अशी : पाणी घातल्याशिवाय न जेवण्याचा नियम झाडासाठी होता, झाड उरले नाही, तेव्हा भय्यासाहेब यापुढे पोहे खाऊन निघतील. पण जातील.

११. तरी वर लिहिलेला विषय रद्द समजावा. अर्ज फाडून नवा लिहिला असता, पण आपण नवे आहात, आपल्याला सगळे ठाऊक असावे असे वाटले. अर्जदार हिची सुधारित विनंती येणेप्रमाणे :

(अ) दि. ३० जून रोजी संपणाऱ्या पासचे नूतनीकरण व्हावे.

(आ) पालकांच्या प्रवेशाची वेळ सकाळी आठ ते नऊ करावी आणि गेटपाशी सावलीत एक खुर्ची असावी.

(इ) वृक्ष क्र. ११७ यास भय्यासाहेब असेपर्यंत जिवंत ठेवावे. पालवी बेताची दाखवावी. यापुढे कुणी तपासणीला आले आणि शंका घेऊ लागले तर अर्जदार हिला बोलवावे. झाड आपण डोळ्यांनी हिरवेगार पाहिले, असे ती लिहून देईल आणि खाली सही करील.

कळावे, उत्तर पासच्या रूपाने आले तरी चालेल.

आपली विश्वासू,
सौ. सुलोचना भा. पारसनीस
उज्जैन, दि. १८ जून २०२५

सोबत : १) मुदत संपत आलेल्या पासची प्रत. २) भय्यासाहेबांचे दोन फोटो, पासच्या मापाचे.