पारावर एक दगड कमी

३ डिसेंबर १९३४
म्हणे गावाचा इतिहास लिहून पाठवा! ह्यांना वरून हुकूम आलाय, प्रत्येक मास्तराने आपापल्या गावाचा. चौदा उंबऱ्यांच्या ह्या उंबरखोंडाला कसला आलाय इतिहास? पण साहेब म्हणालेत, 'टिपण चांगलं उतरलं तर भोरला बदली देतो.' भोर — आई, बाजारपेठ, बोलायला माणसं. टिपण मीच लिहिणार. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

५ डिसेंबर
चिमाजी पाटील दोन तास बोलले. सगळे पूर्वज लढवय्ये. एकाने वाघ मारला, दुसऱ्यानेही मारला — बहुतेक तोच. साल विचारलं तर, "लई जुनं. आज्याच्या बी आदी." लिहू काय, कपाळ!

८ डिसेंबर
सापडला इतिहास — पारावर! इथे नवी सून येताना माहेरच्या नदीतला एक दगड आणते आणि वडाच्या पारावर मांडते. म्हाताऱ्या धोंडाबाईंना एकेक दगड पाठ. "ही शिवऱ्याची सखू. ही किकवीची अंबू. ही रतन, दुष्काळात आली, लई गुणाची." पाटलांचं घोडं आज्यापाशी अडलं, आणि ह्या आठ पिढ्यांच्या सासवा-सुना सांगत गेल्या. लिहून लिहून माझी बोटं दुखली. नावं झाली एकशे तेरा, दगड भरले एकशे बारा. कुणाचा कमी, विचारलं.
"माजा. ऱ्हाऊ द्या." नुसत्या हसल्या.

९ डिसेंबर
चटणी वाटता वाटता हात थांबला. अगं बाई, वरवंटा! दीड वर्षापूर्वी इथे आले तेव्हा आमचा वरवंटा भोरलाच राहिला होता. म्हणून पारावरचा एक लांबट, गुळगुळीत दगड उचलून आणला. तेव्हापासून त्याच्यानेच लसूण चिरडते आहे. आणि वर तीच चटणी वाटीभर धोंडाबाईंना नेऊन देते!

१० डिसेंबर
दगड घासून, हळदकुंकू लावून नेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. धोंडाबाईंनी तो हुंगला आणि खुदकन हसल्या. "म्या पयल्याच आठवड्यात बघितला तुमच्या पाट्यावर."
मग बोलला का नाहीत?
"तुमी नव्या. माहेराच्या आठवणीनं डोळं सुजल्यालं. म्हनलं, माज्या माहेराचं गुंजवणं ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी."
मला रडूच आलं. दोघींनी मिळून दगड जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचा कुठं हाय?" मी म्हटलं, आमचं काय, आज आहोत, उद्या नाही. "व्हय," म्हणाल्या आणि शेण गोळा करायला गेल्या.

२ जानेवारी १९३५
टिपण गेलं. सुना सात पानं, वाघ एक ओळ. पाटील रुसलेत.

१९ फेब्रुवारी
बदली मंजूर! हे धावत सांगायला आले. म्हटलं, नको म्हणून कळवा. आईला पत्र टाकलं — येशील तेव्हा आपल्या भोरच्या नीरेतला एक दगड घेऊन ये. चांगला मोठा आण, कुणी वरवंट्याला उचलून नेणार नाही असा.