सात वाजताचा दादा

४ जानेवारी
पुन्हा घरघर! शेजारच्या विनीतने छपरावर सोलर बसवल्यापासून माझ्या हॅम रेडिओवर नुसतं दळण चाललंय. रोज सकाळी सातला काशीरामदादा देवरूखहून रेडिओवर येतो, त्याचा आवाज त्याखाली गाडला जातो. जहाजावर रेडिओ ऑफिसर होता, मलाही हे वेड त्यानेच लावलं. आता बोलतो म्हणजे — सिग्नल किती, नमस्कार. बास. आईच्या तेराव्याला चारचौघांत मी त्याला म्हणाले, "तूच तिला दवाखान्यातून घरी आणलंस, म्हणून गेली." सहा वर्षं झाली. तेवढं एक मिनिट उरलंय. ते घालवायचं नाही.

७ जानेवारी
फक्त ऐकण्यासाठी वेगळी अँटेना केली. तांब्याच्या नळीचं कडं, आत वायर, वरती नळीला बोटभर फट. केबलवरून येणारी घरघर अडवायला केबल फेराइटच्या कडीतून ओवली. पाच वेढे — किंचित फरक. नऊ वेढे — निम्मी कमी! दादा ऐकू आला.

८ जानेवारी
मुरुडचा खारा वारा कशालाच सोडत नाही. म्हणून फटीवर तांब्याची पट्टी ठेवून डाग दिला. आणखी एक फेराइट चढवलं. घरघर साफ बंद! स्वतःवरच खूश.

९ जानेवारी
सातला दादा नाही.

१० जानेवारी
आजही नाही. माझा फोन तो घेत नाहीच. त्याच्या सुनेला, मृणालीला विचारलं. "बाबा रेडिओपाशीच बसलेत, आत्या." दुसरं कुणीही ऐकू येत नाही. म्हणजे बँडच मेलाय, कुणाच्याच लहरी कुठे पोचत नाहीत. सूर्यावरच्या वादळांची कृपा, दुसरं काय!

११ जानेवारी
कुणी ऐकत नाही म्हटल्यावर जीभ सुटली. सातला माइक दाबून बोलले — "दादा, आई आधी मला म्हणाली होती, घरी ने. माझी हिंमत झाली नाही. तू नेलंस. आणि बोल मीच लावला."
मग चहा केला. साखर घालायची राहिली, तसाच प्यायले.

१२ जानेवारी
घोडचूक! नळीला फट नसेल तर आतल्या वायरला काहीच ऐकू येत नाही. मीच ती बुजवली आणि श्रेय फेराइटला दिलं. इतकी वर्षं करूनही! दुपारी पट्टी सोडवली, फटीवर प्लास्टिकची बाटली कापून बसवली. बँड धडधाकट आहे, आणि बोलायची जुनी अँटेनाही.
म्हणजे दादा रोज येत होता. म्हणजे कालचं त्याने —

१३ जानेवारी
सातला दादा. अगदी स्वच्छ. "चिमा, परवा तुझा बोलून झाल्यावर मी अर्धा तास बोललो गो. परत नाय जमायचा मला. आयकलंस ना सगळा?"
"हो दादा," म्हणाले.