मधोमध न फाटलेला झगा

मी, देओलिंदा फ्राझाओ, वय एकाहत्तर, राहणार कोइंब्रा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडलाय, कारण माझा मुलगा रुबेन उद्या म्हणेल, "साठीला कॉलेजात गेली तेव्हाच आईचं फिरलं होतं." त्याला मी ओळखून आहे.

नणंदेला, कुस्तोदियावन्संना, धुण्याचा टब आणि उरलेला साबण. पदवीच्या आदल्या आठवड्यात माझा विद्यापीठाचा काळा झगा त्यांनी "मळला होता गं" म्हणून धुतला. जन्म या गावात गेला, आणि तो झगा धुवायचा नसतो, धुतला तर शिकतानाच्या आठवणी धुऊन जातात, हे ठाऊक नव्हतं म्हणे! मी काय कुक्कुलं बाळ आहे?

पदवी मिळाली की त्या झग्याची कड हाताने फाडतात. डावीकडे घरचे, उजवीकडे मित्र, मधोमध जोडीदार. वर्गातल्या पोरींनी उजवी बाजू हसत फाडली. रुबेनने डावी, घड्याळ बघत. यजमान, कै. आवेलिनो, खिशात हात घालून उभे. "फाडायचं कशाला? पुन्हा शिवतच बसशील." चारचौघांत! ते मला आजही लागतं. त्यांच्या टोप्या रुबेनने न्याव्यात, मला घरात नकोत.

आता सून मार्लेन. दुपारी बेकरीतून आली की माझ्या खोलीत शिरते. "धूळ पुसत होते, आई." धूळ पुसली की पुस्तकातली खूण पुढच्या पानावर सरकते होय? आधी वाटलं, हिचा डोळा घरावर आहे. मग भिंतीपलीकडून रुबेन ऐकू आला, "एक म्हातारी शिकली तेवढी पुरे. तू पाव भाज." तेव्हापासून मी खोलीला कुलूप लावत नाही.

पुस्तकं, टेबल आणि झगा मार्लेनला. कायदा मला घराचा जेवढा भाग मनाप्रमाणे देऊ देतो, तोही तिलाच. ती पदवीधर होईल त्या दिवशी रुबेनने झगा मधोमध स्वतःच्या हाताने फाडला, तर तिने हवं तर घराच्या त्या भागातला निम्मा त्याला द्यावा. कात्री चालणार नाही. झग्याची ती मधली जागा मी कोरी ठेवली आहे.

सही: देओलिंदा फ्राझाओ

साक्षीदार:
इनेश व्हेलोझो, वर्गमैत्रीण. उजवीकडची पहिली फाट हिची.
लिओनेल पाइश, शेजारी. यांना मजकूर वाचू दिलेला नाही.

कोइंब्रा, ९ मार्च २०२३