बबिताचं अमान्य वजन

चि. जीवन यास खेमसिंगकाकाचा आशीर्वाद,

पुण्यात तब्येत सांभाळून असशील. तांड्यावर सगळे खुशाल. तुझ्या काकूचा गुडघा बरा आहे, माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू आहेस. (पत्र पोस्टात टाकलं तर नोंदणी बंद झाल्यावर पोचेल, म्हणून फोटो काढून पाठवतोय. वाचून नुसता अंगठा दाखवू नकोस, उत्तर दे.)

उमरखेडच्या कबड्डी स्पर्धेचं ॲप तू केलंस, चूक दाखवणारे संदेशही मराठीत टाकलेस, हे मी अख्ख्या तांड्याला छाती फुगवून सांगितलं. मग आपल्या बबिताचं नाव भरायला बसलो. वजनाच्या रकान्यात ५४ लिहिलं. लगेच लाल अक्षरांत उत्तर: 'वजन अमान्य आहे. कृपया फक्त अंक प्रविष्ट करा.' आता ५४ हे अंक नाहीत तर काय कांदे आहेत? पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. काकू म्हणाली, "पोरगी जड झाली असन, मशीनले बरोबर समजते." झालं! बबितानं भाकर ताटात तशीच ठेवली. सकाळी तिला गाडीवर बसवून महागावला नेलं आणि सोयाबीनच्या काट्यावर उभी केली. हमाल हसले. काटेवाला भावसिंग (आपल्या नात्यातला, तरी!) बारदानाचं वजन वजा करू का म्हणून विचारत होता. काटा म्हणाला, चौपन्न. काट्याला मान्य, बाजाराला मान्य, तुलाच तेवढं अमान्य! येताना पोरगी माझ्यामागे बसून रडत होती. "बा, मले आता खेळाचंच नाही," म्हणाली. जिच्यासाठी मी शेताच्या धुऱ्याजवळची, बांधालगतची जमीन सपाट करून मैदान आखलं, तिच्या तोंडून हे ऐकलं, तेही तुझ्यामुळे.

शेवटी तिच्या संघातल्या मोनालीनं इंग्रजी आकडे टाकले आणि मशीननं मुकाट मानलं. म्हणजे संदेश मराठीत द्यायचा आणि मराठी आकडे दिसले की ओळख दाखवायची नाही! पाहुण्याला 'या, बसा' म्हणायचं आणि आतून कडी लावायची, ही कुठली रीत? आजच्या आज दुरुस्त कर. आणि ते 'प्रविष्ट करा' कायले? 'लिहा' म्हणताना जीभ झिजते का तुझी?

तुझा (सध्या रागावलेला) काका,
खेमसिंग

ता. क. बबिता पुन्हा सरावाला लागली आहे. पण पुढच्या पानावर मार्गदर्शक म्हणून मी माझं वय भरलं, इंग्रजी आकड्यांतच. उत्तर आलं: 'मार्गदर्शकाचे वय पन्नासपेक्षा कमी असावे.' हा संदेश मात्र पहिल्या वाचनातच समजला. मी रेषेजवळ उभा नसलो की पोरगी चढाईला जायला घाबरते, हे तुला ठाऊक आहे. तेवढा नियम काढ, बाबा.

आणखी एक. नियम काढता येत नसेल, तर तो संदेश तरी तुझ्या बाकीच्या संदेशांसारखा लिही. बबितानं अजून वाचलेला नाही, आणि वाचला तरी तिला कळायला नको.