कपाळामागची गाठ

जागृतीताई,

परवा बाबांचा एमआरआय झाला. कपाळामागे गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "बरीच वर्षं हळूहळू वाढत आलीय. राग आवरायची जागाच तिने दाबलीय."

म्हणजे चार वर्षांपूर्वी ओटीवर तुला वाटेल ते बोलले, ते आपले बाबा नव्हतेच. त्याच आठवड्यात त्यांनी वाडीतले केळीचे कोवळे घड कापून टाकले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आता रोज विचारतात, "जागृती का येत नाय?"

सकाळपासून हे पत्र तीनदा फाडलं. हेही पाठवेन असं वाटत नाही. बाबा नुसते ओरडले, ताई. तुझी बॅग रस्त्यावर मी ठेवली, कडी मी लावली.

काल डोकं दुखतंय असं खोटं सांगून माझाही एमआरआय काढून घेतला. काहीच निघालं नाही.

तुझा निरोगी भाऊ,
दीपेश