मृण्मयीच्या बाराशे नोंदी

इंदिरानगर, नाशिक
१८ एप्रिल २००२

प्रिय मालिनीताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. नांदगावात ऊन फार असेल. इथे मी मजेत. मजेत कसला, ताई, काल दुपारी सव्वाबारा वाजता माझं आयुष्यच बदललं!

पंचवटीतल्या वेणीमाधव गुरुजींच्या घरी काम करतोय हे लिहिलं होतं ना? यात्रेकरूंच्या घराण्यांच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. गाव-आडनाव टाकलं की पणजोबा कधी येऊन गेले ते समोर! वह्या मोडी लिपीत, म्हणून गुरुजींची मुलगी मृण्मयी वाचून टाइप करते आणि साठवण मी सांभाळतो. माउस-बिउस काही नाही. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहायची, पुढे डॅश आणि एक अक्षर. बॅकअप, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, परत भरताना t लावलं तर एकच तक्ता येतो. c लावलं तर आधीचं पुसून मग भरतो. झकास! मृण्मयी म्हणते, "आधी त्या कमांडचं गोत्र विचार, मग हुकूम सोड."

काल एक छोटा तक्ता बिघडला. "बघ, अर्ध्या मिनिटात आणतो," म्हणत मी तिच्यासमोर ऐटीत फेब्रुवारीचा बॅकअप भरला. c लावलं, t विसरलो, म्हणून सगळेच तक्ते पुसले गेले. तिच्या दोन महिन्यांच्या बाराशे नोंदी गेल्या. मधला बॅकअप नव्हताच. तो घेणं माझंच काम.

गुरुजी आत आले. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बाबा, माझ्या हातून पुसलं."

माझ्यासाठी, ताई! माझ्यासाठी खोटं बोलली ती! अजून कान गरम आहेत.

"मग उद्यापासून यंत्राला शिवायचं नाहीस," गुरुजी म्हणाले. "मी मोडी वाचून दाखवीन, मयुरेश टाइप करेल."

आणि मी मान डोलावली. जानेवारीत सरांसमोर जर्नल भिरकावून कॉलेज सोडणारा मी! हो, सोडलं. तू दर पत्रात कॉलेजचं विचारतेस आणि मी हवापाण्याचं लिहितो. आपल्या बाबांना मीच सांगेन, तू नको.

खरं बोललो तर ते घर मला बंद, तीही दिसायची नाही. नाही बोललो तर तिचं काम गेलं. एखादी अडलेली ओळ लागली की ती कशी टाळी वाजवते, ते तू पाहायला हवं होतंस.

गुरुजी आता जेवायला घरी आले असतील. पानावर बसायच्या आधी सांगणार: c मी लावलं, तिला परत बसू द्या. मग खुशाल हाकलू देत.

हे पाकीट चिकटवलं की उठलोच. दार ओढून, कडी लावून निघतोय.

तुझा,
मयुरेश