निशांक बरा होतो तो भाग

खांदेश्वर, शनिवार

प्रिय नमूताई,

तू पाठवलेलं पुस्तक वाचून झालं. शेजारचा प्रीतमदादा आज तुमच्या जासईच्या कंटेनर यार्डात कामाला जातो आहे, त्याच्याच हाती या पत्रासोबत परत देते आहे. आधीच सांगते, रद्दीत घातलंस तरी चालेल. ज्या निशांकवर आपण चार भाग जीव टाकला, त्याला लेखिकेने पाचव्या भागात चाळिसाव्या पानावर बरा करून टाकला! कुठल्याशा डोंगरावरची मुळी उगाळून पाजली आणि आमचा रक्तपिपासू राजा दुसऱ्या दिवशी चहात खारी बुडवून खायला लागला. पुढे तर तो मृण्मयीबरोबर भाजीला जातो आणि पिशव्या धरतो. मला इतका संताप आला की हातात रक्ताची सुई आहे हे विसरून मी पुस्तक आपटलं. वॉर्डातल्या शेवंताबाई आया धावत आल्या आणि वर मलाच चार शब्द सुनावून गेल्या.

पहिला भाग आपण बेलापूरच्या त्याच वॉर्डात वाचला होता. माझा एक हात अडकलेला, म्हणून पानं तू उलटायचीस आणि नेमकं तो तिच्या मानेशी वाकला की मुद्दाम थांबायचीस. थॅलेसेमियावाल्या पोरीला हिरो आवडला तोही ठरावीक दिवसांनी रक्त लागणारा, म्हणून तू किती हसली होतीस. मी मात्र खरंच त्याच्या प्रेमात होते गं. गोष्टीतली आजारी माणसं एकतर बरी होतात, नाहीतर मरून सगळ्यांना रडवतात. निशांक यातलं काहीच करत नव्हता. पुढचं रक्त मिळेपर्यंत जगायचा, मग त्याच्या पुढचं. तरी त्याच्यासाठी कुणीतरी वेडी होती. हा भाग मी एकटीने वाचला. डाव्या हाताने पानं उलटायला जमतं आता.

घरी सगळी धांदल आहे. ऑपरेशननंतर मला जंतू लागू नयेत म्हणून बाबांनी मागची खोली पांढरी रंगवून घेतली आणि आता तिथे कुणालाच पाऊल टाकू देत नाहीत. आईने एकवीरेला नवस बोलला आहे. सोसायटीत जी भेटेल तिला थांबवून सांगते, “माझ्या नमीचा जुलला, आता सगला बरा होईल गो.” तू बोन मॅरो देणार हे आता वॉचमनलाही ठाऊक आहे.

खरं सांगू का, त्या मुळीपेक्षा मला दुसऱ्या प्रकरणाचा जास्त राग आला. मृण्मयी निशांकला सोडून माहेरी जाते, तिथे पहिलं प्रकरण संपतं. दुसरं सुरू होतं ते ‘तीन वर्षं लोटली’ असं, आणि बाई दारात हजर. मधल्या काळात त्याला रक्त कुणी दिलं, तो कसा राहिला, याबद्दल एक ओळ नाही. लिहिणाऱ्याला काय जातं? आपलीही साधारण तेवढीच वर्षं गेली, ताई. तुझा मॅरो जुळला तेव्हा तुझं लग्न नुकतंच झालं होतं, आणि मॅरो दिला की मूल होत नाही असं कुणीतरी तुझ्या सासूबाईंच्या डोक्यात भरवलं. तू म्हणालीस, बाळ झाल्यावर. बाळ झालं, मग म्हणालीस, अंगावरचं सुटल्यावर. मी दर वेळी बरं म्हटलं. मला राग आला नव्हता असं लिहायला बसले होते, पण आला होता आणि अजून आहे. त्या घरात तुझं काही चालत नव्हतं हे मला कळतं. कळून राग जात नाही, एवढंच.

परवा तू फोनवर, सोमवारी अ‍ॅडमिट व्हायला येते, बॅग भरून ठेवली, असं म्हणालीस तेव्हा इतकी खुशीत होतीस की माझ्याने बोलवलं नाही. शिवाय तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर. म्हणून हे पत्र. त्याच दिवशी सकाळी रक्त चढवताना डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसले होते. माझं लिव्हर कडक झालं आहे, इतक्या वर्षांच्या रक्तातलं लोह हृदयातही साचलं आहे. मॅरो बसवण्याआधी जी औषधं देतात, ती आता मला झेपणार नाहीत. ऑपरेशन होणार नाही, ताई. आधी केलं असतं तर, असं काहीतरी ते बोलत होते, ते मी पुरतं ऐकलं नाही. घरी अजून कुणाला माहीत नाही. आत्ता आई त्या खोलीचे पडदे शिवत बसली आहे आणि मला मशीनचा आवाज ऐकवत नाही. तू सोमवारची वाट बघू नकोस. उद्याच ये, बॅग नको, बाळाला घेऊन ये. सांगायचं मी सांगेन, तू फक्त माझ्या शेजारी बस. आणि मी सांगेन तेव्हा बाळ आईच्या मांडीवर असू दे.

रागावलेली, तरी तुझीच,
रंजू